घरधन्याची सही

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात कारकून आहे. दुसऱ्याच्या अर्जातली चूक मला चार हात लांबून दिसते, आणि दिसली की मी ती बोलून दाखवते. त्यामुळे मी फारशी कुणाला आवडत नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरातली सगळ्यात मोठी चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि तेव्हा मी चहा गाळत होते.

आम्ही तीन भावंडं. थोरली बाई, मग भाऊ, मग मी. बाई चार वर्षांची असताना आईचं बोट धरून या घरात आली. आईचा पहिला नवरा वारला होता आणि बाबांनी तिच्याशी पाट लावला होता. आमच्या गावात पाट लागला की सोबत आलेलं लेकरू त्याच घरचं; त्यावर कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही. फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं. बाई शाळेत गेली नाही. लग्न झालं तेव्हा नवऱ्याचं नाव लागलं, आणि नवरा गेल्यावर ती तेच नाव घेऊन परत आली. तलावाखालची बांधी, म्हणजे आमचं धानाचं शेत, तिनंच कसलं. आई गेल्यावर, शेवटच्या वर्षांत बाबांना आंघोळ घातली तीही तिनंच. पण तिचं आणि बाबांचं नाव शेजारी शेजारी आहे असा एकही कागद नव्हता.

बाबांना हे टोचत होतं. एका दिवाळीत त्यांनी मला मृत्युपत्र टाइप करून आणायला सांगितलं. बांधी बाईला, घर भावाला, आणि हे सगळं पार पाडायची जबाबदारी माझ्यावर. बाईच्या नावाआधी ‘माझी थोरली मुलगी’ लिहायला त्यांनी दोनदा बजावलं. मी सुबक टाइप केलं, खाली साक्षीदारांसाठी दोन रेघाही मारल्या.

साक्षीला गावातले दोन म्हातारे आले. बाबांनी त्यांना पाटावर बसवलं आणि पेन पुढे केलं. ते म्हणाले, आधी तुझी. बाबा हसले. आमच्याकडे पाहुणा जेवल्याशिवाय घरधनी ताटावर बसत नाही, आणि बाबांच्या लेखी सहीसुद्धा त्यातच मोडत होती. दोघांनी सह्या केल्या, चहा घेतला, निघून गेले. मग बाबांनी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, कागद तिथे ठेवला आणि सावकाश अक्षर लावून सही केली. मला ते फार आवडलं होतं, हे कबूल करते.

पुढल्या वर्षी बाबा गेले. तेरावी झाली, मी बांधीवर बाईचं नाव लावायचा अर्ज दिला आणि भावानं तलाठ्याकडे हरकत घेतली. भाऊ वाईट नाही. चंद्रपुरात भाड्यानं राहतो, दोन पोरी आहेत. तो मला एवढंच म्हणाला, “बाईले जनमभर खाऊ दे ना बांधी. मी कुठी नाई म्हणून राह्यलो? पण नाव काऊन लावाचं?”

मी चिडून वकिलाकडे गेले. वकिलांनी समजावलं, की आपल्या भागात प्रोबेट घेतलंच पाहिजे असं नाही. पण भाऊ अडून बसलाय, तेव्हा कोर्टाकडूनच शिक्का घ्या की हे मृत्युपत्र खरं आहे. मग मूळ कागद कोर्टात जमा झाला. वारसांना नोटिसा गेल्या, पेपरात जाहीर सूचना आली, तिचीच प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. भावाची हरकत आली आणि साध्या अर्जाचा दावा झाला. तारखा पडत गेल्या. बाई प्रत्येक तारखेला धुतलेलं लुगडं नेसून यायची आणि मागच्या बाकावर बसायची. आत काय बोलतात ते तिला कळायचं नाही. खरं सांगायचं तर अर्धं मलाही कळायचं नाही.

माझ्या प्रतिज्ञापत्रात वकिलांनी एक वाक्य घातलं होतं, ‘सर्वांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.’ मी ते वाचलं होतं. कोर्टाची भाषा असते अशी, म्हणून सोडून दिलं. जगाच्या चुका काढणारी मी, आणि हे सोडून दिलं.

तोवर एक साक्षीदार वारला होता. दुसरा काठी टेकत पिंजऱ्यात उभा राहिला. भावाच्या वकिलानं त्याला साधंच विचारलं, आधी सही कुणी केली? म्हातारा ताठ झाला. एवढ्या लोकांसमोर आपल्या दोस्ताची रीतभात सांगायची संधी त्याला मिळाली होती.

“आमीच पयले केली साहेब. घरधनी कसा पयले करन? लय रीतीचा माणूस होता तो.”

त्याची सही तुम्ही पाहिली? नाही, तो म्हणाला, आम्ही घरी गेलो होतो; मागून त्यानं सही दाखवायचं काही कारणच नव्हतं, त्याच्यावर अविश्वास कोण धरणार? माझे वकील खाली बघत कागद चाळू लागले. मला उठून ओरडावंसं वाटलं, की अहो, मी पाहिली, देवापुढे केली, दिव्याच्या उजेडात केली. पण मी साक्षीदार म्हणून सही केलेली नव्हती. माझ्या एकटीच्या पाहण्यानं काही होणार नव्हतं.

निकाल तीन ओळींत सांगून झाला. साक्षीदारांनी मयताला सही करताना पाहिलं नाही, मयतानं आपली सही त्यांच्याजवळ कबूलही केली नाही. मृत्युपत्र सिद्ध होत नाही. म्हणजे बांधी आणि घर कायद्यानं भावाचं आणि माझं, अर्धं अर्धं. अपील करता येईल, वकील म्हणाले, पण म्हाताऱ्याचं बोलणं आता पुसता येणार नाही.

परतताना काळी-पिवळीत मी बाईला म्हटलं, माझ्या वाटणीची अर्धी बांधी मी तुझ्या नावानं करते. पुढच्याच महिन्यात करते.

“तू देशीन त ते तुयं होईन,” ती म्हणाली. “मले बाबाचं पायजे होतं.”

तिचा हात धरायचं धाडस मला झालं नाही, कारण मी त्या बाबांची कायद्यानं मुलगी होते.

वारस नोंद तरी करावीच लागणार होती. तिला घरी एकटी सोडवेना म्हणून तलाठी कार्यालयात सोबत घेऊन गेले. ती बाहेर ओट्यावर बसली. तलाठ्यानं फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मयताला अपत्ये किती, असा रकाना होता. मी ‘तीन’ लिहिलं. त्यानं फॉर्म परत केला आणि शांतपणे समजावलं, की ताई, सावत्र मुलगी यात धरत नाहीत, निकालाची नक्कल तुम्हीच जोडली आहे, त्यात ती सावत्र असल्याचं लिहिलंय. खोडाखोड चालत नाही, दुसरा फॉर्म घ्या.

मी दुसरा फॉर्म घेतला. दारातून बाईची पाठ दिसत होती. मी ‘दोन’ लिहिलं, अंकी आणि अक्षरी, आणि खाली सही केली.

बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, “झालं काय वं?”

“झालं,” मी म्हटलं.