झीलकऱ्याचा ट्रॅक

भोरमध्ये माझी रेकॉर्डिंगची एकच खोली आहे. भिंतींना गोधड्या ठोकल्यात आणि टेबलावर आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर. त्याआधी कित्येक वर्षं मी जत्रांत साउंड लावत होतो. त्या धंद्यातली एक खोड अंगात मुरली आहे: हेडफोन फक्त उजव्या कानावर, डावा मोकळा, म्हणजे कुणी हाक मारली तर ऐकू येते. मांडवात सगळे भोंगे एकच बोलतात, तिथं एका कानावर भागतं. जित्याची खोड, दुसरं काय.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा आहे. तिथल्या दोन म्हाताऱ्या भावांच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या. थोरले कानावर हात ठेवून गाणार आणि धाकटे त्यांच्या मागे उभं राहून झील धरणार, म्हणजे थोरल्यांच्या ओळीचं शेपूट उचलून लांब ओढणार. माइक दोन लावले. थोरले उजव्या ट्रॅकवर, धाकटे डाव्यावर.

घरी ऐकलं तर आवाज फार वरखाली होत होता. माझ्याकडे पुण्यातून जुना घेतलेला एक कॉम्प्रेसर आहे. चढलेला आवाज दाबायचा, पडलेला उचलायचा, एवढंच ती लोखंडी पेटी करते. दोन्ही ट्रॅक वायरींनी बाहेर काढून पेटीतून नेले आणि दुसऱ्या दोन वायरींनी परत आणून रिकाम्या ट्रॅकवर उतरवले. उजव्या कानाला झकास वाटलं. कार्ड भरत आलं होतं, म्हणून मूळचे दोन्ही ट्रॅक पुसून टाकले. स्वतःवर खूशही झालो.

चार महिन्यांनी धाकटे गेले. दिवसकार्य आटोपल्यावर थोरले एसटीनं भोरला आले. भावाचा आवाज मोबाईलमध्ये भरून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. घरात त्याचा एक फोटो होता, पण आवाज कुठंच नव्हता.

मी फाइल उघडली. डाव्या ट्रॅकवर नुसती सरळ रेघ, आवाजाचा पत्ताच नाही. पेटीतून परत येणारी डावी वायर नीट बसलीच नव्हती.

दोष मशिनच्या माथी मारावा असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. थोरल्या बाबांना त्यातलं काय कळणार होतं? पण ते समोर गुडघ्यावर हात ठेवून थांबले होते, आणि माझी मलाच शिसारी आली. वायर हातात घेऊन दाखवली आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं.

त्यांनी वायर माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, "एकदा गेलेलं माघारी येत न्हाई?"

"नाही, बाबा."

उजव्या ट्रॅकवर धाकटे होते, पण थोरल्यांच्या माइकनं ओझरते टिपलेले, पलीकडच्या माळावरून यावेत तसे. बाबांच्या दोन्ही कानांवर हेडफोन चढवला. त्यांनी ते तीनदा ऐकलं. नातवाला बोलवा, तो झील धरेल, मी ती डाव्या ट्रॅकवर भरतो, असं मी सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग उठून माइकपाशी गेले.

"आज मी मागं हुबा ऱ्हातो," म्हणाले.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. कानात त्यांचाच आवाज पुढे गात होता आणि ते मागून झील धरत होते. पहिल्या दोन ओव्या जमल्या. तिसरीपासून त्यांची झील संपायच्या आत त्यांचीच पुढची ओळ येऊन आदळायला लागली. चौथीला दम पुरला नाही, तोंड उघडं राहिलं आणि आवाज फुटेना. मी मशिन थांबवलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं.

"जल्मभर त्याला बोललो, झील उशिरा धरतोस म्हणून," ते म्हणाले. "म्या त्याला दम घ्यायला जागाच ठिवली न्हवती."