सहीशिवायची पाटी

सुखदेव पेंटर शेवटचं अक्षर आधी लिहायचा. मग पहिलं. मधली अक्षरं त्यानंतर. दुकानाची पाटी रंगवायला बसला की उजव्या टोकाला एकच अक्षर उभं करायचा, उठून पाच पावलं मागं जायचा, डोळे बारीक करून पाहायचा आणि मग डाव्या टोकाशी येऊन बसायचा. नवख्या माणसाला वाटे, याची काहीतरी चूक झाली. "दोन टोकं पक्की झाली का मधले आपसूक सरकून घेतात," तो म्हणायचा. "एस्टीत नाई का, दोघं खिडकीशी बसले का बाकीच्याइले जागा होते."

मी जानेफळला हार्डवेअर आणि रंगांचं दुकान चालवते. माझ्या नवऱ्याची नोकरी मेहकरला, त्यामुळं दुकान पहिल्यापासून माझ्याच अंगावर आहे. सुखदेव नवऱ्याचा शाळेतला सोबती, म्हणून मला वहिनी म्हणायचा. एनॅमलचे डबे, टर्पेन्टाइन, ब्रश, सगळं माझ्याकडून न्यायचा. थंडीत त्याचा मुक्काम आमच्या ओट्यावरच असे. पौषात सकाळी डबा उघडला तर रंग गुळाच्या काकवीसारखा घट्ट झालेला असतो आणि दव पडलेल्या पत्र्यावर लावला तर त्याची चमक मरते. म्हणून तो अकराच्या आत ब्रशला हात लावत नसे. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा आणि शेजारी उन्हाला बसायचा. गरम पाणी माझ्या घरातून. घाईचं गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, "रंग थंडीनं आखडला हाय बे, मानूस बी आखडते. दोघाइले ऊन खाऊ दे."

त्याचं काम पंचक्रोशीत होतं. पिठाच्या गिरण्या, सलून, कृषी केंद्रं, रसवंत्या, लग्नघराच्या भिंती. पाटी पुरी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशानं एका दमात 'सुखदेव' लिहायचा आणि त्याखाली गावाचं नाव. 'व'चा शेवट ओढून त्याची एक लांब शेपटी काढायचा. त्या शेपटीवरून शंभर पावलांवरून कळे, काम कोणाचं आहे.

माझ्या दुकानाच्या पाटीवर ती सही नव्हती.

पाटी त्यानंच रंगवली होती, चौदा वर्षांपूर्वी, याच ओट्यावर बसून. 'मनोहर हार्डवेअर', सासऱ्यांच्या नावानं. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, उजवीकडं काळी सावली. काम संपलं, ब्रश धुतला, सायकल घेतली आणि गेला. मला वाटलं विसरला असेल, उद्या करील. त्या थंडीत तो दोन महिने रोज त्या पाटीखाली उन्हाला बसला, पण त्यानं सही केली नाही. मीही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला आपण होऊन काही मागायची मला सवय नाही.

तरीही चाललं असतं, पण त्याच थंडीत समोर सुनंदानं शिवणाचं दुकान टाकलं. तिची पाटी त्यानं माझ्या ओट्यावर बसूनच रंगवली. मी गल्ल्यावरून पाहत होते. 'सुनंदा लेडीज टेलर'. डाव्या टोकाला एक सुई काढली. सुईतून दोरा निघाला आणि तोच दोरा सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून शिरोरेषा होऊन गेला. 'र'वर पोचला, तिथून खाली लोंबला, थोडा गुंतला आणि त्या गुंत्याची झाली सही. सुखदेव.

मी घरात गेले आणि विनाकारण पाण्याचा माठ घासला.

"भाऊ, तुमाले कसं काय सुचलं हो हे?" सुनंदा रस्त्यापलीकडून विचारत होती.

"तुम्ही काई सांगतलंच नाई ना, ताई," तो म्हणाला. "मंग मलेच सुचावं लागलं."

सुनंदा चांगली बाई आहे, हे आधी लिहून ठेवते. माझ्या मुलीच्या लग्नातले सगळे ब्लाउज तिनंच शिवले. तरी बारा वर्षं रोज सकाळी शटर उघडताना माझी नजर आधी तिच्या दोऱ्यावर जायची आणि मग माझ्या पाटीच्या रिकाम्या कोपऱ्यावर. कोणी तिच्या दुकानासमोर थांबून वर पाहिलं की मी खिळे मोजायला घ्यायची. बाहेरगावचा एकजण मोबाइलवर त्या पाटीचा फोटो काढत होता, तेव्हा मी त्याला मोटारसायकल माझ्या दारातून काढायला सांगितली. ती माझ्या दारात नव्हतीही.

मला याद्या करायची सवय आहे. दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी सुखदेवच्या सहीच्या पाट्यांची यादी सुरू केली. एस्टीतून जाताना, बाजारच्या दिवशी, लग्नाला गेल्यावर जिथं शेपटी दिसली तिथं नोंद. पुढं नऊ पानं झाली. एका उसाच्या रसाच्या गाड्यावर सही होती. एका बंद पडलेल्या पंक्चरच्या टपरीवर होती. त्या टपरीवर तर 'हवा' एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली, दोन अक्षरांसाठी, पूर्ण सही.

एकदाच मला धीर आला. त्यांच्या वस्तीतल्या विहाराची कमान तो दर थंडीत स्वतः रंगवायचा, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. त्यासाठीचा निळा रंग तो माझ्याकडून निवडून न्यायचा, तीन डबे उघडायला लावायचा आणि तिसरा घ्यायचा. एका वर्षी मी कमान नीट पाहिली. सही नव्हती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिथं काऊन घालू सही?" तो म्हणाला. "आपल्याच घरावर कोनी आपलं नाव घालते का? ते समद्याइचं हाय."

त्या दिवशी मी खुशीत होते. म्हटलं, ओटा माझा, गरम पाणी माझं, चहा माझा. त्याला हे दुकान घरासारखंच वाटत असणार. मी तो हिशेब मनात पक्का करून टाकला आणि पुढची काही वर्षं त्यावर काढली.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, त्याचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजू लागली. मग त्यानं मोठी कामं सोडली, मग लहान. बायको आधीच गेलेली. मुलगी वरवट बकालला दिलेली, ती न्यायला येणार असं कळलं. मी त्याच्या घरी भेटायला गेले. त्यानं सामान बांधायला काढलं होतं. दाराशी खिळ्याला एक वाकडी तार टांगलेली होती आणि तिच्यात गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. पाटीवर काय लिहायचं ते लोक चिठ्ठीवर देत. सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा, लग्नपत्रिकेची मागची बाजू, एकावर नुसतं 'सलून'. त्यांच्यात एक कागद दुरेघी, समास सोडलेला, चार घड्यांचा होता. माझं अक्षर मी ओळखलं.

"हे ठेवलंय तुम्ही?"

"हाव. लय जपून." त्यानं कापत्या हातानं तो कागद तारेतून काढला आणि मला दिला. "वाचा बरं."

मी वाचलं. पाटी आठ बाय तीन. जमीन पिवळी, लिंबाएवढी नाही, हळदीएवढी. अक्षराची उंची नऊ इंच. दोन अक्षरांत अंतर दोन इंच, सगळीकडं सारखं. सावली उजवीकडं, अर्धा इंच. शिरोरेषा सरळ, पट्टीनं मारावी. नक्षी नको. चित्र नको. अशी चौदा कलमं. काम शनिवारपर्यंत व्हावं, हे चौदावं. आणि खाली, माझ्या प्रत्येक यादीखाली असते तशी, तारीख आणि माझी सही.

"म्हनून नाई केली," तो म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं. "तुम्ही रोज त्या कोपऱ्याकडं पाहता, ते मले काय दिसत नाई? पन त्या पाटीवर तुमची सही आधीच होती, वहिनी. माही कुठं बसवू?"

"मी म्हटलं, विहारासारखं…"

तो मोठ्यानं हसला. "विहारासारखं? नाई, नाई. हे अलगच हाय. तिथं माहं घर हाय म्हनून नाई. अन तुमची तर पाटीच माही नाई. म्या फक्त हात लावला तिले." मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "काम सफाईचं झालं होतं पन. चौदाच्या चौदा कलमं."

मी कागद पर्समध्ये ठेवायला लागले, तर त्यानं हात पुढं केला. "तो राहू द्या माह्यापाशी. एवढी साफ चिठ्ठी मले कोनीच देल्ली नाई."

घरी येताना मी रागावलेली होते. त्याच्यावर, सुनंदावर, त्या 'हवा' लिहून घेणाऱ्या पंक्चरवाल्यावरही. घरी पोचेपर्यंत राग निवला आणि एवढंच उरलं की मला ती सही हवी आहे आणि दिवस थोडे आहेत. दुसऱ्या दिवशी मी गोदामातून नवा पत्रा काढला, तितकाच, आठ बाय तीन. सुखदेवला निरोप धाडला.

तो आला, पत्रा पाहिला. "यादी?"

"नाही."

"यादी नाई? तब्येत बरी हाय ना, वहिनी?"

"तुम्हाला वाटेल ते करा."

"हात पाहिला ना माहा?"

"पाहिला."

त्यानं बराच वेळ पत्र्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "पानी ठेवा गरम."

चार दिवस लागले. पूर्वीचं त्याचं एका दुपारचं काम. अकरा ते तीन, ऊन असेपर्यंत. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचा, श्वास सोडायचा आणि तेवढ्या क्षणात एक रेघ मारायचा. पुन्हा श्वास. मी पहिल्या दिवशी दारात उभी होते. त्यानं जांभळ्या रंगाचा डबा उघडला, पोचा आलेला, कधीच न खपलेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जांभळा?" त्यानं वळून पाहिलं. मी आत गेले आणि पाठ करून बसले. चार दिवसांत मी सगळ्या बिजागऱ्या तीनदा मोजल्या. प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला.

चौथ्या दिवशी अडीचच्या सुमाराला त्यानं हाक मारली.

त्यानं माझे सगळे न खपलेले रंग वापरले होते. जांभळा, मोरपंखी, विटकरी, शेवाळी. प्रत्येक अक्षराला वेगळा. अक्षरं सारख्या अंतरावर नव्हती. थंडीच्या दिवसांत ओट्यावर उन्हाला बसलेली माणसं एकमेकांना खेटून बसतात, कोणी जरा कलून, कोणी गुडघे पोटाशी घेऊन, तशी ती बसली होती. पहिलं 'म' आणि शेवटचं 'र' तेवढी ताठ, दोन बाजूंनी बाकीच्यांना सांभाळून. आणि प्रत्येक अक्षराची कड त्याच्या हाताबरोबर कापलेली होती. लपवलेली नव्हती. कापली तशी ठेवली होती.

मी बारीक ब्रश आधीच काढून ठेवला होता. तो पुढं केला. खालचा उजवा कोपरा रिकामा होता.

त्यानं ब्रश घेतला. कोपऱ्याजवळ नेला. मनगट धरलं, श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. मग ब्रश खाली ठेवला.

"नाई होत, वहिनी. अक्षर हळूहळू चालते, हात धरून नेता येते. सही एका दमाची असते. ते शेपूट आता निघत नाई."

"कापलेली चालेल मला."

"मले नाई चालत." त्यानं ब्रश टर्पेन्टाइनमध्ये बुडवला. "ते नाव पुऱ्या मुलखात सरळ हाय. एका जाग्यावर वाकडं कसं ठेवू?"

मी आणखी बोलले असते. पण तो ब्रश पुसायला लागला होता. मी चहा आणायला आत गेले.

पुढच्या आठवड्यात मुलगी त्याला वरवट बकालला घेऊन गेली. मी जुनी पाटी उतरवून नवी लावली.

गेल्या पौषात तो गेल्याचा फोन आला. मी आणि सुनंदा दोघी मिळून एस्टीनं गेलो. त्याच्या मुलीच्या घरी तासभर बसलो. ती म्हणाली, शेवटी शेवटी बाबा बोटानं अंथरुणावर लिहायचे, शेवटचं अक्षर आधी. परतीच्या एस्टीत सुनंदा बराच वेळ खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडं पाहत होती. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तुमचं बरं हाय, वहिनी."

"माझं काय बरं?"

"मले त्यानं एका दुपारात उरकलं. तुमच्यापाशी चार दिवस बसला. तेही असा हात घेऊन."

मी तिच्याकडं पाहिलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. बारा वर्षं मी ती रस्त्यापलीकडं टाकत आले होते. तिचं सांत्वन करायला हवं होतं. मी केलं नाही. जानेफळ येईपर्यंत मी तिचं ते बोलणं अंगावर ऊन घ्यावं तसं घेत बसले.

आता लोक माझ्या पाटीखाली थांबतात. "कोणी रंगवली हो?" विचारतात.

"सुखदेव पेंटरनं."

"त्याची सही नाही दिसत." जुनी माणसं कोपऱ्यात हमखास पाहतात.

समोरून सुनंदा मशीन थांबवून ओरडते, "सही माह्या पाटीवर हाय, इकडं या, पाहा!"

जातात, पाहतात, दोऱ्याचं कौतुक करतात. मला अजूनही खिळे मोजावेसे वाटतात. पण तिच्या पाटीवर त्याचं नाव ज्याचं त्यानं वाचायचं असतं. माझ्या पाटीसाठी ते मला दर वेळी तोंडानं घ्यावं लागतं. आज सकाळपासून दोनदा घेतलं.