कोपराची जागा

गाडी समोर आली की ती आधी हाताची उलटी बाजू बंपरवर ठेवायची, लेकराचा ताप पाहावा तशी. मग म्हणायची, "उनानं खाल्लं हो हे."

तुम्हीही पाहिलं असेल. नव्या गाडीचा बंपर, आरशाची खोळ, दाराखालची पट्टी, सगळं काळंभोर असतं. आमच्याकडचे दोन-तीन उन्हाळे गेले की ते प्लास्टिक राखाडी पडतं, मग पांढुरकं. लोक खोबरेल चोळतात, कुणी डिझेलचा बोळा फिरवतो. त्याने आणखी धूळ बसते.

मेहकरला डोणगाव रस्त्यावर माझं सीट कव्हरचं दुकान आहे. शेजारी गाड्या धुण्याचं सेंटर. तिथे ती हे प्लास्टिक पुन्हा काळं करायची. पन्नाशीची बाई, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. साबणाने घासायची, वाळवायची, गरम हवेची गन फिरवायची आणि शेवटी काळं औषध स्पंजने लावायची. नव्या प्लास्टिकवर जो बारीक खरखरीतपणा असतो त्याला ती दाणा म्हणायची. दाणा शाबूत असेल तर रंग धरतो, दाणा घासून गेला की नुसती चकाकी राहते.

एकदा एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, "बाई, हे मिशीले चालते का?"

"चालते," ती म्हणाली. "पण मंग मिशीले दाणा येईन."

दुसऱ्या एका पोराला मुलगी पाहायला जायचं होतं. सकाळपासून तिच्या मागे उभा राहून तो पट्टी न् पट्टी दाखवत होता. ती मान वर न करता म्हणाली, "पोरगी तुले पाहीन का बंपरले?" सगळं सेंटर हसलं. ती हसली नाही. ती विनोद करायची, पण हसत नव्हती. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

तिचा नवरा मेहकर-डोणगाव काळी-पिवळी चालवायचा. त्याच्या गाडीची कव्हरं मीच शिवली होती, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो आणि ती मला भाऊ. एका दुपारी त्याने भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. सवाऱ्यांना वाटलं, डुलकी लागली. मागून एक बाई म्हणालीसुद्धा, "ओ भाऊ, उशीर होऊन राह्यला." तो गेला होता. गाडीतल्या कुणाला खरचटलंही नाही.

ती रडली नाही. अंगणात माणसं जमली तेव्हा ती चहाचे कप मोजत होती. बायका आपसात कुजबुजल्या. पुढे गाडी जालन्याकडच्या एका माणसाला विकली गेली आणि ती सेंटरवर कामाला लागली.

काही वर्षांनी तीच गाडी सेंटरवर आली. नंबर मी लांबूनच ओळखला. नवा मालक चांगला माणूस होता, तिला मावशी म्हणत होता. "मावशी, समदं काळं करा. आतूनबी." मग त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खिडकीखालच्या काठावर बोट ठेवलं. तळहाताएवढी जागा घासून गुळगुळीत झाली होती, चमकत होती. "हे लई वंगाळ दिसतंय. आधीचा ड्रायव्हर कोपर टेकून बसत आसंल."

"बसत असन," ती म्हणाली.

मालक जेवायला गेला. मी कात्री हातात घेऊन तसाच तिच्याकडे गेलो. "वहिनी, हे राहू द्या. मी त्याले सांगतो काही तरी."

"काऊन?" तिने विचारलं. आवाज रोजचाच होता.

तिने त्या जागेभोवती चिकटपट्टी लावली, वर्तमानपत्र अडकवलं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ती चकाकी काढली. तिथे दाणा उठवायचा स्प्रे मारला आणि तो वाळेपर्यंत बाजूला उभी राहिली. पुन्हा एक हात मारला. वर काळा रंग दिला. घाई केली नाही, की रेंगाळलीही नाही. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. मला काय वाटत होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. काम झाल्यावर मी जाऊन पाहिलं. कोपराची जागा कुठे होती, ते शोधूनही सापडेना.

मालक खूश होऊन गाडी घेऊन गेला. आम्ही चहा घेतला.

"मले वाटलं होतं, आज येईन," ती म्हणाली.

"काय?"

"रडू. गाडी पाह्यली तवाच मनात म्हटलं, आज येईन. घासता घासता वाटच पाहून राह्यली होती मी. त्याइचंच कोपर होतं ना ते. नाई आलं." तिने कप खाली ठेवला. "असं कसं हो, भाऊ? मी वाईट बाई हाय का?"

"नाही, वहिनी."

मी किती वाजले ते सांगितल्यासारखी तिने मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

नंतर तिचा खांदा धरू लागला, गन उचलवेना. लेक पिंपळगाव राजाला दिलेली, ती येऊन तिला घेऊन गेली. सेंटरवर आता एक माणूस येतो. काम बरं करतो.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला खामगावला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून पिंपळगावला गेलो. ती ओट्यावर तुरीच्या शेंगांच्या ढिगाशी बसली होती. सेंटरचं, मेहकरचं, कुणाचंच तिने काही विचारलं नाही. लेक चहा देताना म्हणाली, "आई दिवसदिवस बोलत नाई, मामा. सांगतलेलं सगळं करते, पण बोलत नाई."

निघताना ती पदरात शेंगा घेऊन माझ्यामागे मोटारसायकलपर्यंत आली आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत भरू लागली. पिशवी भरली.

"बस झालं, वहिनी."

"हाव," ती म्हणाली आणि पदरातून आणखी एक ओंजळ घातली. मग आणखी एक. शेंगा काठावरून घसरून रस्त्यावर पडत होत्या, तरी ती घालतच राहिली. शेवटी लेक बाहेर आली आणि तिने आईचे दोन्ही हात धरून ठेवले.