धुक्यातली पंधरा मिनिटं

फोन दत्तूच्या सुनेचा होता. "काका, आप्पा गेले…" एवढंच ती म्हणाली, आणि मला आधी आठवला तो आमचा अर्धवट राहिलेला वाद. माणूस किती कोडगा असतो!

दत्तू सायखेड्याचा द्राक्षबागायतदार, मी नाशकात तर्कशास्त्र शिकवणारा. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. बारा वर्षांपूर्वी, थंडीत, एका सकाळी त्याच्या बागेत एवढं धुकं उतरलं की हातातली कात्री दिसेना. तो दोन ओळींच्या मधे उभा होता, आणि मग… "मी नव्हतोच रे मास्तर. बाग होती, धुकं होतं, अन् कुणीतरी लय मायेनं बघत होतं." पंधरा मिनिटांनी धुकं विरलं, कामाच्या बाया आल्या, तरी हा डोळ्यांत पाणी घेऊन तसाच उभा.

त्याच दिवशी नाशकातल्या द्वारका चौकाची गर्दी ओलांडून तो मला सांगायला आला. मी काय केलं? वर्ग घेतला. म्हटलं, "थंडी होती, पोट रिकामं होतं. अनुभव आला हे कबूल, पण बघणारा कुणी होता कशावरून?"

"द्राक्ष गोड लागलं तर तू गोडी मोजायचं मीटर मागतो का?"

"गुळाचा चहा पिऊन तेच द्राक्ष खा, आंबट लागेल. जीभ फसते, दत्तू."

"म्हणून आम्ही चूळ भरून चाखतो. जीभ कापून टाकत नाय."

मी घाईघाईने पोराबाळांची चौकशी सुरू केली. त्या दिवसाचा मला अजून राग येतो, माझाच. पुढे दर हंगामात तो द्राक्षांची पेटी घेऊन यायचा आणि वाद घालायचा. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, माझा हात धरून म्हणाला, "एकदा तरी म्हण, खरं होतं म्हणून." मी म्हटलं, "विचार करून सांगतो." मरणाऱ्या मित्राला असं सांगतात?

परवा सायखेड्याला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "भाऊजी, त्यांचं पटलं का तुम्हाला?"

खोटं बोलवेना. "माहीत नाही, वहिनी."

"मग बसा जरा बागंत. ते रोज सकाळी बसायचे. पुन्हा कधी काही झालं नाय त्यांना. तरी बसायचे."

बारा वर्षं… आणि मला याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर तेही मी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं असतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

वेलींच्या मधे त्याचं पोतं अजून अंथरलेलं होतं, मधोमध दबलेलं. मी त्यावर बसलो. काहीही झालं नाही. ऊन चढलं, वहिनींनी जेवायला दोनदा हाक मारली, पण मला उठवेना.