मालिकेतला मधुचंद्र आणि आमचा मेन स्विच

“पप्पा, लाईट लावा! आधी लाईट लावा! अण्णांचे ओठ निळे पडलेत!”

माझी मुलगी श्रेया वरच्या खोलीतून ओरडत होती, तेव्हा मी जिन्याखाली चपलांच्या ढिगावर मेन स्विचचा दांडा धरून बसलो होतो आणि एका नवपरिणीत जोडप्याची मिठी कधी सुटते याची वाट बघत होतो. जोडपं मालिकेतलं होतं. ओठ माझ्या वडिलांचे होते.

हे सगळं ऐकून तुम्ही हसणार. खुशाल हसा. मीही हसतो, फक्त अण्णांच्या पाठीमागे.

अण्णांनी अडतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. त्या टॉवेलांनी देशोदेशीच्या लोकांनी अंगं पुसली, आणि टॉवेलांचा भुसा राहिला तो अण्णांच्या छातीत. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा मला वाटलं, चुकून एखाद्या चादरीचं डिझाईन लावलंय! मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. संध्याकाळ झाली की अण्णांचा दम वाढायचा. नाकात नळी घालून ते खुर्चीत बसायचे आणि आठ वाजता मालिका लागायची.

मालिकेत एक श्रीमंत मुलगा आणि एक गरीब मुलगी होती. दोघं सात महिने एकमेकांकडे नुसते बघत होते. (आमच्या सोलापुरात तेवढ्या वेळात लग्न होऊन, भांडण होऊन, पोरगी माहेरी जाऊन परत येते.) अण्णा त्या मुलीला आपली नातच समजायचे. आणि शेजारी बसलेली असायची त्यांची खरी नात, श्रेया. वय पंधरा, दहावीत.

आता मला सांगा, बापानं करायचं काय? मालिकेतल्या त्या दोघांनी एके दिवशी बघणं सोडलं आणि हात धरला. तिथून माझी झोप उडाली.

मी पहिला उपाय केला पाण्याचा. हिरो जवळ सरकला की मी म्हणायचो, “श्रेया, पाणी आण गं.” ती उठून जायची, सीन संपायचा, ती यायची, मी पाणी प्यायचो. पुढे प्रेम वाढलं तसं पाणीही वाढलं. एका भागात मी नऊ तांबे प्यालो! माझ्या पोटात उजनी धरण भरलं.

“अहो, नळाला पाणी पाच दिवसांनी येतंय,” सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून कडाडली, “आणि तुम्ही एका बैठकीला घागर संपवताय! साखर तपासून घ्या की एकदा!”

साखर तपासली. नॉर्मल निघाली. पाण्याचा उपाय बंद पडला.

मग रिमोट. हिरोनं हनुवटीला बोट लावलं रे लावलं की मी चॅनल बदलून शेतीचा कार्यक्रम लावायचो. नेमकं रोज डाळिंबच असायचं.

“म्हाद्या!” अण्णा खुर्चीतून उसळायचे. “त्या पोरीचं लगीन जमाय लागलंय, आन तू मला डाळिंबावरचा रोग दावतुयस व्हय रं?”

“अण्णा, पोरगी बसलीय शेजारी.”

“मग? बसू दे की.”

“हे असलं तिनं बघायचं वय आहे का?”

“आरं, हात धरलाय त्यानं. गळा न्हाय धरला. काल त्या बातम्यांत कापाकापी दावली ती समद्यांनी मिळून बगितली, तवा न्हाय तुला वय आठवलं?”

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. मी म्हणालो, “या घरात संस्कार नावाची गोष्ट आहे!” श्रेया तेवढ्यात उठली आणि म्हणाली, “पप्पा, पाणी आणू का?” कार्टी!

दुसऱ्या दिवशी रिमोट अण्णांच्या मांडीखाली गेला. आणि मला मेन स्विच दिसला.

आमचा मेन जिन्याखाली आहे. जुनी लोखंडी पेटी, बाजूला दांडा. दांडा खाली ओढला की घर गुडुप. मी आपला सात सत्तावन्नला “मोटर बघून येतो” म्हणून खाली उतरायचो, वरून संगीत मऊ व्हायला लागलं की दांडा ओढायचो आणि दोन मिनिटांनी परत वर करायचो. अंधारात श्रेया सुरक्षित, संस्कार शाबूत!

“मशीनचं काय?” असं तुम्ही विचारणार. त्याची सोय होती. मशीनसाठी वेगळा इन्व्हर्टर होता. बॅटरी तेवढी मी जुनी घेतली होती. लाईट जाऊन जाऊन जाणार किती वेळ, असा माझा हिशेब. (तेव्हा लाईट घालवण्याचं खातं माझ्याकडे येणार आहे हे मला माहीत नव्हतं.)

“आपलीच कशी जाते हो? समोर कमलकाकूंकडे झगझगाट आहे,” सुनंदा म्हणाली.

“फेज गेला असेल,” मी म्हणालो. सोलापुरात फेज गेला म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

पण कमलकाकूंनी माझ्या संस्कारांची पार माती केली. त्यांची गॅलरी आमच्या खिडकीसमोर, मध्ये चार हातांचा बोळ. पहिल्याच अंधारात अण्णांनी खिडकीतून हाक दिली, “कमल! काय चाललंय गं तितं?”

“अण्णा, हात धरला!”

“फुडं?”

“आता जवळ वडली! अगं बाई! बटा मागं सारतोय बगा!”

“मग?”

“लाजली! लई लाजली! आता तो म्हनतोय की तुज्याबिगर मला ऱ्हावत न्हाय!”

हे त्या मालिकेत कुणीही म्हणत नव्हतं! मी नंतर मोबाईलवर तपासलं. तिथे तो नुसता हसला होता. पण कमलकाकूंच्या आवाजात सगळ्या गल्लीला ते प्रकरण असं रंगवून मिळायला लागलं की दोन घरं सोडून राहणारे मास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. जे दृश्य मी माझ्या मुलीला दाखवत नव्हतो, ते आता तिला तिखटमीठ लावून ऐकू येत होतं.

तरी मी हटलो नाही. उलट काकूंचा मला उपयोगच झाला. जिन्याखाली बसून कळणार कसं, सीन संपला की नाही? काकू ओरडायच्या, “संपलं अण्णा, जाहिरात लागली!” की मी दांडा वर. चोख काम.

तिसऱ्या आठवड्यात सुनंदानं वायरमन बोलावला. रफिकभाई. आमचा इन्व्हर्टर त्यांनीच बसवला होता.

“भाई, रोज आठ वाजता जाते,” सुनंदानं सांगितलं. “तो तिच्याजवळ आला की जाते. बरोब्बर.”

“कौन आया की?”

“हिरो!”

रफिकभाईंनी मीटर बघितला, फ्यूज बघितले. मग जिन्याखाली मेनच्या पेटीवर टॉर्च मारला. पेटीवर बोटभर धूळ होती. दांडा लखलखत होता.

ते माझ्याकडे वळले. मी चपला लावायला लागलो.

“महादेवभाई,” ते हळूच म्हणाले, “लाईन में कुछ नै है. पन वो ऊपर की बैटरी पुरानी है. रोज रोज खींचे तो एक दिन जवाब देती. अब्बा का मशीन है उसपे. नक्को करो.”

“बदलू की लवकरच,” मी म्हणालो.

एवढं स्वच्छ सांगितलं होतं त्या माणसानं. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं. पण त्याच आठवड्यात मालिकेत लग्न लागलं! जाहिरातीत रोज दाखवत होते: फुलांचा पलंग, दुधाचा पेला, सोमवारी रात्री आठ वाजता. मी बॅटरी बदलणार होतो ती मंगळवारी.

सोमवारी मी पावणेआठलाच चपलांवर जाऊन बसलो. संगीत सुरू झालं. दांडा ओढला. अंधार.

“कमल!” वरून अण्णांची हाक. “कमल! काय झालं गं?”

कमल गप्प. कमलकाकू सकाळच्या गाडीनं केम गावाला भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या! गल्लीत कुणाला सांगून जाण्याची पद्धतच उरलेली नाही.

आता आली का पंचाईत! सीन चाललाय की संपला, सांगणार कोण? मी मनात अंदाज बांधायला लागलो. दूध पिऊन झालं असेल. नाही, इतक्या लवकर नाही; या मालिकेत नुसता पेला उचलायला एक भाग जातो. पाच मिनिटं गेली. दांडा वर करावा आणि नेमकी मिठीच दिसावी, तर? तीन आठवड्यांची तपश्चर्या वाया! दहा मिनिटं गेली. मग ठरवलं, साडेआठपर्यंत राहू दे अंधारच, धोका नको. वरून इन्व्हर्टरची कुँई कुँई ऐकू येत होती. पण तो रोजच कुरकुरायचा. घरात कुरकुरणारे इतके असताना त्याचं कोण ऐकतंय?

मग कुँई थांबली. मला बरं वाटलं.

आणि श्रेया ओरडली.

तिनं ‘लाईट गेली’ म्हटलं नाही. ‘पप्पा, लाईट लावा’ म्हटलं. म्हणजे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! पण लाजायला वेळ नव्हता. मी सगळा जोर लावून दांडा वर ढकलला, आणि तीन आठवडे राबवलेला तो दांडा खळ्ळकन तुटून माझ्या हातात आला.

घर तसंच काळंकुट्ट.

मी तो दांडा हातात घेऊनच जिना चढलो. दोन पायऱ्या चुकल्या, गुडघा फुटला. वर पोहोचलो तर मोबाईलच्या उजेडात श्रेया जमिनीवर गुडघे टेकून बसलेली. पलंगाखालचा छोटा सिलिंडर तिनं ओढून काढला होता आणि चावीनं उघडत होती. आणीबाणीला लागतो म्हणून डॉक्टरांनी तो ठेवायला लावला होता. कसा उघडायचा ते दवाखान्यातल्या बाईंनी आम्हा तिघांनाही शिकवलं होतं. त्या वेळी मी मोबाईलवर बोलत होतो.

“अण्णा, नाकानं. नाकानं घ्या. हळू. मी मोजते, एक... दोन...” तिनं मास्क बसवला. सुनंदा अँब्युलन्सला पत्ता सांगत होती. अण्णांचे डोळे वर गेले होते आणि छाती रिकाम्या पिशवीसारखी आत जात होती.

“मी काय करू?” मी विचारलं.

“तो दांडा खाली ठेवा आधी,” सुनंदा म्हणाली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. “मशीन किती वेळ बंद होतं?”

श्रेयानं सांगितलं, “मशीन चार मिनिटं. त्याच्या आधी लाईट सव्वीस मिनिटं नव्हती.”

“का गेली होती?”

मी भिंतीवरचं ‘शांतता राखा’ वाचत होतो. पुन्हा पुन्हा वाचत होतो.

“फेज गेला होता, सर,” श्रेया म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लहानपणी अण्णांनी मला मागाच्या पट्ट्यानं फोडून काढलं होतं. यापेक्षा ते बरं, असं त्या क्षणी वाटलं.

अण्णा अकरा दिवसांनी घरी आले. आले म्हणजे आणले. आधी ते सकाळी ओट्यापर्यंत जाऊन पेपरवाल्याशी भांडून यायचे; आता पलंगापासून खुर्चीपर्यंत जायला दोघं लागतात. मशीन आधी संध्याकाळचं होतं, आता चोवीस तास आहे. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही. रफिकभाईंनी नवी बॅटरी बसवली, नवा मेन बसवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली सुनंदाच्या हातात दिली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो फार जड होता.

अण्णा घरी आले त्याच दिवशी आठला मी स्वतः टीव्ही लावला. अण्णांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, “अण्णा, लाईट मीच घालवत होतो.”

“ठावं हाय,” अण्णा म्हणाले. दम घेतला. “सरक. दिसंना झालंय.”

मी सरकलो. पडद्यावर ते दोघं अजून त्याच फुलांच्या पलंगावर बसले होते! अकरा दिवस झाले तरी दूध प्यायलं नव्हतं!

मग मी श्रेयाकडे वळलो. दवाखान्याच्या बाकावर बसून अकरा दिवस मी एक भाषण तयार केलं होतं. घसा साफ केला. म्हणालो, “श्रेया, मी खूप विचार केला. तू आता मोठी झालीस, हे मला आधीच कळायला हवं होतं. इथून पुढे कसलाही सीन लागू दे, हात धरू दे, मिठी मारू दे, तू बिनधास्त बसून बघायचंस. माझी काही हरकत नाही.”

ती अण्णांच्या कानामागे नळी अडकवत होती. मान न वळवता म्हणाली, “मी कुठं बघतेय ती मालिका? अण्णांची नळी निसटते, म्हणून बसते.”