बॅज नसलेले सतरा महिने

"मॅडम, तुमचा अनुभव दोन वर्षं चार महिने भरून राहिला. जाहिरातीत तीन वर्षं पायजे," वानखडे साहेब म्हणाले आणि त्यांनी माझी फाइल माझ्याकडे सरकवली.

अमरावतीचं सरकारी ऑफिस, सकाळचे पावणेअकरा. एक्स-रे टेक्निशियनच्या पदासाठी कागदपत्रांची तपासणी सुरू होती. परीक्षा झाली होती, यादीत माझं नाव वर होतं. फक्त मूळ कागद दाखवायचे राहिले होते. वयाच्या अटीमुळे माझ्यासाठी हा शेवटचाच फॉर्म होता.

"साहेब, मी पावणेचार वर्षं काम करून राहिली. फॉर्ममध्ये तसंच भरलं आहे."

"तोच तर घोळ आहे. फॉर्ममध्ये पावणेचार, पत्रात दोन वर्षं चार महिने. खोटी माहिती म्हणून फॉर्म बाद होते." त्यांनी पत्रातल्या तारखेवर पेन टेकवलं. तारीख खरंच चुकीची होती. आमच्या सरांनी आदल्या दिवशी संध्याकाळी पत्र दिलं होतं. मी शिक्का पाहिला, सही पाहिली, फाइलला लावलं. तारीख वाचली नव्हती.

"साडेपाचपर्यंत दुरुस्त पत्र आणा. आज टेबल बंद झाला की माझ्या हातात काही नाही."

मी अकोल्याच्या एका खाजगी एक्स-रे सेंटरला होते; सर तिथले डॉक्टर आणि मालक. अमरावतीहून अकोला बसनं दोन-सव्वादोन तास. जायचं, पत्र घ्यायचं, परत यायचं. मी स्टँडवर जाता जाता सरांना फोन लावला.

"सर, पत्रात तारीख चुकली."

त्यांनी समोरच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "फोनवर नको. इकडं ये."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तारीख चुकलेली नाही, मुद्दाम टाकलेली आहे.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्यानं छातीवर एक छोटा बॅज लावायचा असतो. त्याला आम्ही टीएलडी बॅज म्हणतो. अंगावर किती रेडिएशन पडलं ते त्यात साठतं. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि आकडा कळतो. बॅज नाही तर मशीनला हात लावायचा नाही, असा नियम. मी सेंटरला लागले तेव्हा सर म्हणाले होते, "अर्ज केला आहे, येईल." तो सतरा महिन्यांनी आला. पत्रात त्यांनी माझी रुजू तारीख म्हणून बॅजची तारीख टाकली होती. पावणेचार वर्षांतून सतरा महिने गेले की दोन वर्षं चार महिनेच उरतात.

बस मूर्तिजापूरला पोचेपर्यंत मी फॉर्मची प्रिंट तीनदा वाचली. शेवटच्या पानावर माझ्या सहीच्या वर लिहिलं होतं की दिलेली माहिती खोटी निघाल्यास उमेदवारी रद्द होईल. माहिती खरी होती. पण ती खरी असल्याचा कागद ज्याच्या हातात होता, त्याला तो देणं परवडणारं नव्हतं.

सेंटर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. सर सोनोग्राफीत होते. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्यात मीही बसले. वीस मिनिटं गेली. त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसत होते.

सरांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"शारदा, माह्यी अडचण समजून घे. तू पहिल्या दिवसापासून मशीनवर होती असं लिहिलं तर ते विचारतील, बॅज कुठं होता? माहं लायसन जाईल."

"मंग मी कुठं होती, सर?"

"रिसेप्शनवर होती असं लिहून देतो. तारीख जुनीच टाकतो. पावणेचार वर्षं दिसतील."

"रिसेप्शनचा अनुभव त्याईले चालत नाही."

"मग मी काय करू?"

मी उठून मागच्या खोलीत गेले. तिथं कपाटात एक्स-रेची रजिस्टरं असतात. पेशंटचं नाव, कोणता भाग, किती फिल्म, आणि शेवटच्या रकान्यात टेक्निशियनची सही. सगळ्यात जुनं, मला हवं ते रजिस्टर खालच्या कप्प्यात होतं. मी ते आणून टेबलावर उघडलं. पहिल्या दिवशी अकरा पेशंट. अकरा वेळा माझी सही.

सरांचा चेहरा बदलला. "हे घेऊन जाशील तिथं? धमकी देऊन राहिली का मले?"

"नाही सर. मले तुमचं सेंटर बंद नाही करायचं. माह्यी खरी तारीख पायजे फक्त."

"आजपर्यंत कधी काही कमी केलं का तुले?"

या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला नको होतं. चार वर्षांत दिलंही नव्हतं. नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. पण घड्याळात दोन वाजत आले होते आणि माझ्याकडे दुसरं बोलायला काही नव्हतं.

"पहिल्या दिवाळीनंतर मी चार दिवस सुट्टीवर होती, आठवते? ताप आहे म्हणून सांगितलं होतं."

"हो."

"ताप नव्हता. तिसरा महिना लागला होता मले. राहिलं नाही."

सरांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"एक्स-रेनं झालं असं मी म्हणत नाही, सर. मलेही तेवढं समजते. कोणाचंही होते. मी शिशाचा ॲप्रन घालत होती, पार्टिशनच्या मागं उभी राहत होती. पण बॅज असता तर आकडा कळला असता. नाही झालं त्यानं, असं तरी समजलं असतं. आता ते कधीच समजणार नाही."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर काम गेलं असतं."

बाहेर कोणीतरी दार वाजवलं. सर म्हणाले, "थांबा." मग त्यांनी लेटरहेड पुढं ओढलं आणि टाइप न करता हातानं लिहायला घेतलं. मध्ये एकदा थांबले, चष्मा पुसला, परत लिहिलं. रुजू होण्याची खरी तारीख. पहिल्या दिवसापासून एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम. आणि खाली एक ओळ, जी मी मागितली नव्हती: पहिले सतरा महिने बॅज उपलब्ध करून दिला नव्हता, त्याची जबाबदारी माझी आहे.

"सर, ही ओळ राहू द्या. नका लिहू."

"ते विचारतीलच. तू खोटी पडायला नको." शिक्का त्यांनी स्वतः मारला. रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स काढताना पेशंटची नावं कागदानं झाकली. मी पाया पडले नाही. सव्वादोनला मी रिक्षात होते.

बडनेऱ्याजवळ ट्रकांची रांग लागली होती. बस पंधरा मिनिटं जागची हलली नाही. मी कंडक्टरला दोनदा वेळ विचारली, तिसऱ्यांदा त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितली. ऑफिसच्या पायऱ्या चढले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वानखडे साहेब फाइली बांधत होते.

त्यांनी पत्र वाचलं. परत वाचलं. "असं कोणी लिहून देत नाही, मॅडम," म्हणाले आणि आत समितीच्या अधिकारी मॅडमकडे घेऊन गेले. पाच मिनिटांनी मला बोलावलं.

"या सतरा महिन्यांत तुम्ही खरंच मशीनवर होता?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम. या रजिस्टरच्या पानांवर माझ्या सह्या आहेत."

"बॅजशिवाय काम करायचं नसतं, माहीत होतं?"

"माहीत होतं."

त्यांनी झेरॉक्सची पानं एकेक करून उलटली. मग म्हणाल्या, "आम्हाला अनुभव तपासायचा आहे. तो यात दिसतो. बॅजचं काम ज्या विभागाकडे आहे त्यांना आम्ही कळवू. ते तुमच्या सरांना विचारतील. चालेल?"

चालेल का, हे मला विचारायचं कारण नव्हतं. तरी मी "हो" म्हणाले. गेल्या चार वर्षांत एवढं जड "हो" मी म्हटलं नव्हतं. वानखडे साहेबांनी चेकलिस्टमध्ये माझ्या नावापुढं टिक केली आणि नव्या पत्राची पोच दिली.

महिन्याभरात अंतिम यादी लागली, तीत माझं नाव होतं. सरांना नोटीस आली. त्यांनी खुलासा दिला, दंड भरला, लायसन राहिलं. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "भरला दंड. तू जॉइन हो." पुढं त्यांचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. ते रागावले होते की त्यांनाही बोलणं जड जात होतं, मला अजून कळलेलं नाही.

आता दवाखान्यातल्या कंत्राटी पोरी फॉर्म भरताना मला विचारतात, ताई, काय काय जोडायचं? मी सांगते, अनुभवाचं पत्र दर वर्षी मागून घ्या, नोकरी सोडायच्या वेळची वाट पाहू नका. आणि हातात आलं की शिक्क्याच्या आधी तारीख वाचा.