आधी तुम्ही खा

उन्हात राहिलेल्या भाताला जो किंचित आंबूस वास येतो, तो आला की मला विश्रांतवाडीची ती वस्ती आठवते. खराडीच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये उरलेलं जेवण आमची अन्नबँक दुपारी तिथे पोहोचवायची. त्या दिवशी गाडी वाहतुकीत अडकली, तिचा पत्रा तापला, आणि वस्तीत पोहोचून मी पातेल्याचं झाकण काढताच पुलावाचा तसला वास नाकात गेला. तरी मी डाव हातात घेतला. रांगेत पहिली उभी असलेली बाई ताट पुढे करेना. म्हणाली, "काका, आधी तुम्ही खा." मी म्हणालो, "माझं जेवण झालंय." "मग एकच घास खा. का पथ्य आहे?" मागे हशा पिकला. माझा हात काही पातेल्याकडे जाईना. तिने झाकण परत लावलं. "मग आमचंही जेवण झालंय," म्हणाली, आणि अख्खी रांग रिकामी ताटं घेऊन उपाशी परत गेली. संध्याकाळी आमचे अध्यक्ष चिडले, "फुकट खाणाऱ्यांना एवढा माज?" पुढच्या खेपेपासून मात्र वाढणाऱ्याने आधी सगळ्यांसमोर खायचं, असा नियम मी केला. त्या नियमाबद्दल परवा माझा सत्कार झाला. आता कोणाला राग आला तरी चालेल, पण तो नियम त्या बाईचा आहे. आणि अध्यक्षांना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज देतो: हो, माज होता, आणि तो होता म्हणूनच त्या दुपारी माझ्या हातून कोणी आजारी पडलं नाही.